खालचं ऐक

वर्ध्यात मला संगीतकार म्हणून ओळखतात, आणि ज्या गाण्यामुळे ओळखतात ते गाणं माझं नाही. हे सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण आजवर नाही नाही त्या ठिकाणी सांगून झालं आहे आणि कुणीही ऐकून घेतलेलं नाही. स्टेशनवरून घरी यायला ऑटोत बसलो की ऑटोवाला आरशातून बघतो. "सर, ते गाणं तुमचंच ना?" मी म्हणतो, नाही. "काय राजेहो, एवढा मोठेपणा बरा नाई." मग तो ते गाणं लावतो आणि सिंदी मेघेपर्यंत मी दुसऱ्याचं गाणं ऐकत घरी येतो.

मी सिनेमाचं पार्श्वसंगीत लिहितो. हिरो चालत येतो, म्हातारी दार लावून घेते, कुणीतरी फोन उचलत नाही, तेव्हा मागे जे वाजतं ते. माझी आवड वाद्यवृंदाची. व्हायोलिनांचा मोठा ताफा, चेलो, डबल बास, पितळी वाद्यं, सगळ्यांना वेगवेगळं लिहून द्यायचं आणि ते एकत्र वाजायचं. पण आमच्याकडे 'मी ऑर्केस्ट्रासाठी लिहितो' म्हणायची सोय नाही. ऑर्केस्ट्रा म्हणजे गणपतीत स्टेजवर जुनी हिंदी गाणी म्हणतात तो. "अस्सं? अँकर कोण असते मग?" असं मला एका शिकलेल्या माणसानं विचारलं आहे. आणि नातेवाइकांचा प्रश्न ठरलेला: "गाणी किती झाली तुझी?" एकही नाही म्हटलं की त्यांच्या चेहऱ्यावर जी दया येते, ती मी बरीच वर्षं गिळत आलो आहे.

या धंद्यातली माणसं तरी काय मोठी लागून गेली आहेत! दिग्दर्शक एडिट करताना एखाद्या परदेशी सिनेमाचं संगीत तात्पुरतं म्हणून लावून ठेवतो. महिनाभर तेच ऐकतो, त्याच्या प्रेमात पडतो, आणि मग मला बोलावून म्हणतो, "असंच हवंय, पण वेगळं." म्हणजे पकडले जाणार नाही इतपत वेगळं. आम्हीही देतो. ज्यांची नावं पोस्टरवर मोठी येतात त्यांच्याकडे पदरी माणसं असतात, ती लिहितात, आणि साहेब गॉगल लावून मुलाखत देतात. मीही मुंबईत असताना असाच एकाच्या पदरी होतो. तिथलं भाडं, तिथली खुशामत आणि तिथलं पाणी तिन्ही मानवली नाहीत, म्हणून परत आलो. आता मागच्या खोलीत कॉम्प्युटर आहे, इन्व्हर्टर आहे, भिंतीला गाद्या ठोकल्या आहेत. फाइल मुंबईला जाते, मी इथेच राहतो.

पण मला हे वेड लावलं माझ्या वडिलांनी, आणि ही सगळी हकीकत त्यांचीच आहे.

बाबा सरकारी कचेरीत कारकून होते. स्वतः काही वाजवत नव्हते. त्यांना एकच खोड होती. सिनेमाला गेलो की ऐन मारामारीत, ऐन रडारडीत ते डोळे मिटून घेत आणि माझ्या मांडीवर थाप मारून कानाशी म्हणत, "खाली काय वाजून राह्यलं पाय." पाय म्हणजे बघ. मी म्हणायचो, काहीच नाही वाजत. "वाजते. गाणं तं कोणीबी ऐकते. तू खालचं ऐक." आणि खरंच, लक्ष दिलं की बोलण्याच्या, रडण्याच्या, पावलांच्या खालून एक लांबलचक सूर चाललेला ऐकू यायचा. तो थांबला की सगळं टॉकीज दचकायचं. बाकीच्या लोकांना आपण का घाबरलो ते कळत नसे, आणि आम्हा दोघांना कळत असे. ही आमची दोघांचीच श्रीमंती होती.

त्यांनी मला व्हायोलिन घेऊन दिलं. वर्ध्यात शिकवणारं कुणी नव्हतं, म्हणून दर रविवारी पॅसेंजरनं नागपूरला. मी आत शिकायचो आणि ते बाहेर चपलांपाशी उभे. गुरुजी आत या म्हणायचे, हे जात नसत. परतताना विचारायचे, "आज काय नवीन?" मी गाडीत तोंडानं म्हणून दाखवायचो. डब्यातले लोक बघायचे, त्याचं त्यांना काही नसे. पोरगा मोठा कलाकार होईल वगैरे भाषा त्यांच्या तोंडी मी कधीच ऐकली नाही. त्यांचं मागणं साधं होतं. एक दिवस टॉकीजमध्ये बसायचं, डोळे मिटायचे, आणि खाली वाजणारं पोराचं असायचं.

पेन्शनीत गेल्यावर त्यांचे कान जायला लागले. आम्हाला आधी कळलंच नाही. ते फाटकापाशी बसून म्हणायचे, "आपल्याकडं चिमण्या राह्यल्या नाईत आता." आणि चिमण्या त्यांच्या डोक्यावरच्या तारेवर कलकलाट करत असायच्या. डॉक्टर म्हणाले, आधी वरचे, बारीक आवाज जातात, खालचे, जाड टिकतात, पण तेही किती दिवस टिकतील सांगता येत नाही. मशीन दिलं. ते लावलं की भांड्याचा आवाज कानात खिळ्यासारखा शिरतो म्हणून बाबांनी ते डबीत ठेवून दिलं. हट्टी माणूस. मीही त्यांच्यावरच गेलोय.

त्याच सुमारास मला एक मराठी सिनेमा मिळाला. रेल्वे फाटकावरच्या एका गेटकीपरची गोष्ट होती. दिग्दर्शक पोरगेला होता पण त्याला कान होता. त्यानं निर्मात्याला पटवलं, की हे संगीत कॉम्प्युटरवर नको, खऱ्या वाद्यवृंदाकडून वाजवून घेऊ. युरोपात अशी शहरं आहेत, जिथे वादकांचा ताफा तासांवर मिळतो. आपण कागद पाठवायचे, ते वाजवतात, आपण घरबसल्या ऐकायचं आणि सूचना द्यायच्या.

मी बाबांना कॉम्प्युटरवर केलेला कच्चा नमुना ऐकवला होता. त्यांनी हात झटकला. "हे मशीनचं आहे. खरं वाजल तवा सांगजो."

आता खरं वाजणार होतं. आणि मी ते बाबांच्या कानाच्या मापानं लिहिलं. मुख्य सूर नेहमी व्हायोलिनांना देतात, मी तो खर्जातल्या चेलोंना दिला, खाली डबल बास ठेवले, वर फारसं काही ठेवलंच नाही. जे जे बाबांना अजून ऐकू येतं, तेवढंच वापरलं. दिग्दर्शकाला यातलं काही माहीत नव्हतं. तो म्हणाला, "सर, काय गंभीर केलंय! एकदम मातीतलं." मी म्हटलं, हो. लोकांना कारण सांगत बसलो की काम बिघडतं.

रेकॉर्डिंगच्या दिवशी शेजारी बोअरिंगचं मशीन आलं होतं. मी खोलीची दारं-खिडक्या लावून, कानाला हेडफोन लावून, घामाच्या धारांत लॅपटॉपपुढे बसलो. पडद्यावर मोठा लाकडी हॉल, आणि त्यात गोरे, म्हातारे, तरुण, स्वेटर घातलेले लोक. संचालकानं काठी उचलली. त्या माणसांना सिंदी मेघे कुठे आहे ते ठाऊक नव्हतं, आणि ती माझा सूर वाजवत होती. मधेच नेट गेलं. चित्र थिजलं. परत आलं तेव्हा ते लोक पुढच्या पानावर पोचले होते. माझ्या आयुष्यातल्या सर्वांत चांगल्या ओळी वाजल्या तेव्हा मी राउटर हलवत होतो. हे माझ्या नशिबाला शोभलंच.

बाबा बाजूला खुर्ची टाकून बसले होते. आवाज माझ्या हेडफोनमध्ये होता, त्यामुळे त्यांना काही ऐकू येत नव्हतं, ते नुसते बघत होते. सगळ्या चेलोवाल्यांचे गज एकदम एका बाजूला गेले, तसे त्यांनी माझा दंड धरला.

"हे सारे तुह्यं वाजवून राह्यले?"

मी मान हलवली. हेडफोन काढून त्यांच्या कानाला लावायला गेलो, तर त्यांनी तो मागे सारला. "नाई. असं तुकडा तुकडा नाई. टॉकीजमधी ऐकीन, अख्खं." आणि चष्मा काढून पुसत बसले.

सिनेमा वर्षभर डब्यात पडून राहिला. घ्यायला कुणी तयार नव्हतं. इकडे बाबांना फोनची घंटी ऐकू येईनाशी झाली, मग दाराची, मग माझी बायको जेवायला हाक मारायची ती. मी मुंबईला फोन करत होतो. "बघतोय सर," एवढंच उत्तर. ज्याला बघायचं होतं तो बघत होता, ज्याला ऐकायचं होतं त्याची वेळ संपत चालली होती. शेवटी निर्मात्यानं उपाय काढला. एका नामवंत संगीतकाराकडून एक ठेक्याचं गाणं करून घेतलं आणि मधे घुसवलं. कुठे? तर गेटकीपर आणि त्याची बायको न बोलता जेवतात, त्या प्रसंगात. तिथे माझे चेलो होते. ते काढले. त्या गाण्यावर पोरीबाळींनी रील्स केल्या, लोक हळदीत नाचले, आणि त्याच्या जोरावर सिनेमा लागला. ते गाणं नसतं तर तो वर्ध्याला आलाच नसता, हेही खरं आहे आणि ते मला आवडत नाही.

पण एक जागा शाबूत होती. सिनेमा संपला की काळ्या पडद्यावर नावं सरकतात, तिथे माझा सगळा वाद्यवृंद पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजत होता. वर बोलणं नाही, पावलं नाहीत, काही नाही. मी बाबांना पाटीवर लिहून दिलं. त्यांच्याशी बोलायला आम्ही स्वयंपाकघराच्या दारापाशी पाटी टांगली आहे. 'शेवटी नावं येतात तेव्हा ऐका. उठू नका.' त्यांनी वाचलं आणि म्हणाले, "मी उठतो का कवा? बाकीचे उठतात."

ते बरोबर होतं. बाकीचे उठतात. आमच्याकडे शेवटची मारामारी संपली आणि हिरो-हिरॉईन जवळ आले की अर्धं टॉकीज उभं राहतं, स्टँडवरच्या गाड्या काढायची घाई. नावं वाचायला कुणी थांबत नाही, म्हणून ऑपरेटर ती दाखवत नाही. लहानपणापासून मी वर्ध्यात एकाही सिनेमाची शेवटची नावं पुरी पाहिलेली नाहीत. म्हणून आदल्या दिवशी जाऊन मी मॅनेजरला सांगून आलो. तो म्हणाला, "अरे सर, तुमचाच पिच्चर. पुरा दाखवू. बिनधास्त या."

बाबांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला, खिशाला पेन लावलं. आमच्या सिनेमाचा दुपारचा एकच खेळ होता. मी त्यांना स्पीकरच्या बाजूला बसवलं. माझं नाव सुरुवातीला येऊन गेलं, पण त्या वेळी पुढच्या रांगेतला एकजण मोबाईलच्या उजेडात खुर्चीचा नंबर शोधत उभा होता. जाऊ द्या.

मग ते गाणं आलं. ढोलकी, त्याखाली छाती हादरवणारा ठेका, शिट्ट्या. आणि बाबा ताठ झाले. त्यांनी माझ्या मांडीवर थाप मारली, तीच, लहानपणची.

"ऐकू आलं! मले ऐकू आलं बे!"

मी त्यांच्या कानाशी ओरडलो, "हे नाही बाबा. हे दुसऱ्याचं आहे. पुढे आहे माझं." मागच्यानं "ओ काका, गप बसा ना," म्हणून दटावलं. बाबा मान डोलवत होते, बोटांनी खुर्चीच्या हातावर ठेका धरत होते. त्यांचा चेहरा इतका उजळलेला मी आईच्या माघारी पाहिला नव्हता, आणि तो उजळला होता त्या गाण्यानं.

शेवटच्या प्रसंगात गेटकीपर फाटक उघडं सोडून रुळांकडे धावतो. तिथेही माझे चेलो होते. मुंबईच्या मिक्सिंगवाल्यानं त्यावर आगगाडी सोडली होती. आगगाडीची घरघर नेमकी खालच्याच सुरात असते. ज्या पट्टीत मी बाबांसाठी लिहिलं, त्याच पट्टीतून ती मालगाडी धडधडत गेली आणि सगळा वाद्यवृंद चाकाखाली. मी स्वतः लिहिलेलं मला सापडेना. एखाद्या व्हायोलिनच्या उंच सुरात लिहिलं असतं तर गाडीच्या वरून निदान कुणाला तरी ऐकू गेलं असतं.

पडदा काळा झाला. पहिलं नाव आलं. मी बाबांचा हात घट्ट धरला. चेलोचा पहिला सूर लागला, एक, खोल, आणि कट. टॉकीजचे दिवे भक्कन लागले. बाजूची दारं उघडली, ऊन आत आलं, झाडूवाली बाई बादली घेऊन आली.

मी जिना चढून वर पळालो. ऑपरेटर मोबाईल बघत बसला होता.

"काऊन बंद केलं? मॅनेजरले सांगितलं होतं मी!"

"मॅनेजर सुट्टीवर आहे जी आज. अन् नावं कोण वाचते, भाऊ?"

"नावं नाही रे बाबा, त्याच्या खालचं संगीत."

"संगीत तं झालं ना मधीच. काय गाणं आहे!" तो मनापासून म्हणाला. "खाली पुढच्या खेळाची पब्लिक उभी आहे. मले मारतील ते."

परत लाव म्हणून मी विनवलं, ओरडलो, शेवटी हातही जोडले. बटण दाबून काही होत नाही, म्हणे, पहिल्यापासून लावावा लागतो. शुक्रवारी सिनेमा उतरला. नागपुरातून तो आधीच उतरला होता. पुढे मोबाईलवर, टीव्हीवर आला, तर तिथे नावं सुरू झाली की चित्र कोपऱ्यात आक्रसतं आणि पुढचा सिनेमा पहा म्हणून घड्याळ पळायला लागतं. आता ते थांबवता येतं, सगळं ऐकवता येतं. पण बाबांचे खालचे आवाजही त्याच पावसाळ्यात गेले. मी हेडफोन लावला, आवाज पूर्ण वाढवला. ते सभ्यपणे दोन मिनिटं बसले आणि म्हणाले, "थंड लागते कानाले."

त्या दिवशी ऑपरेटरच्या खोलीतून खाली उतरलो तेव्हा बाबा रिकाम्या रांगेत उभे होते. खिशातलं पेन सारखं करत गुणगुणत होते. ते गाणं.

नंतर नालवाडीच्या एका गणपती मंडळानं माझा सत्कार ठेवला. मी नाही म्हणून कळवलं, तर ते बाबांना घेऊन गेले, मग मला जावंच लागलं. शाल, नारळ, आणि फ्लेक्सवर माझ्या फोटोखाली त्या गाण्याची ओळ. मी माइक हातात घेतला आणि सांगितलं, हे गाणं माझं नाही, मी पार्श्वसंगीत केलं. टाळ्या पडल्या. अध्यक्ष म्हणाले, "बघा, किती साधा माणूस!" आणि डीजेवाल्याला खूण केली. बाबा स्टेजवरच्या खुर्चीत बसल्या बसल्या हात हलवत होते. त्यांना डीजे ऐकू येत नव्हता, पण लोक कशावर नाचताहेत ते त्यांना माहीत होतं.

घरी आल्यावर मी पाटीवर मोठ्या अक्षरात लिहिलं: 'ते गाणं माझं नाही. माझं खालचं होतं. ते त्यांनी कापलं.'

बाबांनी पाटी डोळ्यांशी नेली, वाचली, आणि हसले. "खालचं तुह्यं, वरचं बी तुह्यंच. लाजतं काऊन एवढा?"

मी पुसून पुन्हा लिहिलं. त्यांनी पुन्हा तेच म्हटलं. मला राग आला, आणि कुणावर काढायचा ते कळेना. ज्या माणसानं मला खालचं ऐकायला शिकवलं, त्यानं शेवटचं जे ऐकलं ते वरचं होतं.

आता ते रोज सकाळी अंगणात बसून ते गाणं गुणगुणतात. दूधवाल्याला, पोस्टमनला, कुरिअरवाल्याला सांगतात, माह्या पोराचं आहे. स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, त्यामुळे सूर भलतीकडे जातो, ठेका तुटतो. मी मागच्या खोलीत असतो, दुसऱ्या कुणाच्या 'असंच पण वेगळं'वर काम करत. भिंतीला गाद्या आहेत, तरी ते आत येतं.

परवा सहन होईना. कपाटातून त्यांनीच घेऊन दिलेलं व्हायोलिन काढलं आणि अंगणात गेलो. ते गात होते. मी त्यांच्या गाण्याखाली, सगळ्यात जाड तारेवर, एक लांब सूर धरला. ते जिकडे घसरतील तिकडे मागून गेलो. माझा धंदाच तो आहे. त्यांनी गज हलताना पाहिला, गाणं थांबवलं, तसा मीही थांबलो. ते मांडीवर थाप मारून म्हणाले, "थांबू नको. वाजव ना. तुह्यंच तं आहे."